टूर्स, ट्रॅव्हल्स आणि खेटे

रविवारी सकाळी दारात हॉर्न वाजला. दोनदा. आमच्या गल्लीत एकदा वाजलेला हॉर्न म्हणजे नुसतं 'बघा, मी चाललोय'. दोनदा वाजला तर काम असतं. पदराला हात पुसत बाहेर आले, तर माझा एक जुना विद्यार्थी. पंधरा वर्षं दुसऱ्याच्या जीपवर वडाप मारलं आणि आता सेकंडहँड का होईना, स्वतःची पांढरी गाडी घेतली. पिवळी पाटी, पुढच्या काचेवर जोतिबा, बंपरला लिंबू-मिरची. पेढे आणले असतील म्हणून मी हात पुढं केला, तर त्यानं हातात कागद ठेवला. कागदावर मुलीचं नाव आणि त्यापुढं, तीन ठिकाणी खाडाखोड करून, 'टूर्स अँड ट्रॅव्हल्स'.

"बाई, टूर्स आनि ट्रॅव्हल्स यात फरक काय ओ?"

आठवी ते दहावी या मुलाला इंग्रजीच्या तासाला एकही शंका आली नव्हती. मला भरूनच आलं.

"न्हाई, रेडियमवाला अक्षरावर पैसे घ्यायलाय. दोनीचा अर्थ एकच आसला तर एक काढून टाकतो म्हटलं. काच बी जरा मोकळी ऱ्हाईल."

बत्तीस वर्षं मी कोल्हापुरात इंग्रजी शिकवलं. शब्दाला किंमत असते, असं दर वर्षी जूनमध्ये सांगितलं. ती अक्षरामागं किती पडते, हे विचारणारा हा पहिलाच. मी म्हटलं, "उद्या ये, सांगते." मास्तरकीत हे वाक्य फार कामाला येतं.

लाज वाटण्यासारखी गोष्ट अशी, की नेमका हाच पाठ मी वर्षानुवर्षं रंगीत खडूनं फळ्यावर लिहीत आले होते. ट्रिप म्हणजे जवळची. जर्नी लांबची. व्हॉयेज समुद्रावरची. टूर म्हणजे चार ठिकाणं बघून परत. एक्सकर्शन शाळेची, पिलग्रिमेज देवाची. खाली दोन रेघा, मग 'वाक्यात उपयोग करा'. मुलं करायची. एकानं लिहिलं होतं की आम्ही रंकाळ्यात व्हॉयेज केली आणि शेंगा खाल्ल्या. रंकाळा समुद्र नाही म्हणून मी अर्धा मार्क कापला. दुसऱ्यानं लिहिलं, माझे वडील रोज साखर कारखान्याच्या पिलग्रिमेजला जातात. त्याचे वडील बैलगाडीनं ऊस ओढायचे. त्याचा पूर्ण मार्क कापला. अलीकडं हंगामात रात्री दोन वाजता कारखान्याबाहेर गाड्यांची रांग बघते, बैलांच्या अंगावर पोती, खाली शेकोटी, माणसं आपला नंबर कधी लागतो म्हणून ताटकळलेली. दर्शनबारीपेक्षा वेगळं काय असतं त्यात? तो मार्क आता परत कुणाला देऊ?

पण मुलांचा तरी काय दोष? त्यांना हे शब्द घरातून आलेले होते, आणि घरी त्यांचे अर्थ निराळे. मी शिकवीत होते ती ट्रिप आनंदाची. गल्लीत ट्रिप म्हणजे वाळूची. "खडीच्या चार ट्रिपा झाल्या, दोन ऱ्हायल्या" हे वाक्य ज्याच्या दारात रोज बोललं जातं, त्याला 'वुई वेन्ट ऑन अ ट्रिप' म्हणजे ट्रकमध्ये बसून गेलो असंच वाटणार. त्यात पावसाळ्यात लाइट ट्रिप होते ती वेगळीच. आमच्याकडं ट्रिपचं अनेकवचनही 'ट्रिपा' असं पक्कं मराठी होऊन बसलंय, त्याला व्याकरणाची चिंता नाही.

ट्रॅव्हल्सचं तर आणखी गमतीदार. ट्रॅव्हल्स म्हणजे रात्री पुण्या-मुंबईला जाणारी खासगी बस. "पोरगा ट्रॅव्हल्सनं आला." "ट्रॅव्हल्स कावळा नाक्यावर थांबत्या." "ट्रॅव्हल्स चुकली." इंग्रजांनी अनेकवचनासाठी लावलेला 'एस' आपण त्या बसला कायमचा जोडून टाकला. एक असली तरी ट्रॅव्हल्स, दहा असल्या तरी ट्रॅव्हल्स. आणि टूर म्हणजे दोन गोष्टी. एक, कंपनीबरोबर काश्मीरला जाऊन दाल सरोवराच्या काठी श्रीखंड-पुरी खाणं. दुसरी, साहेबाची. त्या दुसरीवर पुढं बोलायचंय.

इचलकरंजीहून रोज कोल्हापूरला नोकरीला येणारा माणूस 'कम्यूट' करत नाही, तो 'अप-डाउन' करतो. त्याच्या वडिलांची पिढी 'जाऊन-येऊन' करायची. "चिरंजीव कुठं असतात?" "सांगलीला बँकेत. जाऊन-येऊन आहेत." शब्दाची नुसती ठेवण बघा, त्यात माणूस संध्याकाळी घरी पोचलेलाच आहे. इंग्रजी शब्दात तो कुठंतरी मध्येच लोंबकळत राहतो. तो शब्द मुळात प्रवासाचाही नाही म्हणे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रोजच्या उतारूंना रेल्वे सवलतीचं तिकीट द्यायची, रोजच्या भाड्याच्या बदल्यात एकरकमी. त्या बदलीच्या तिकिटावरून माणसालाच कम्यूटर म्हणू लागले. म्हणजे आमच्या एसटीच्या पासावरून त्या बँकवाल्याला 'पाशा' म्हणावं तसंच.

हे 'म्हणे' मला त्या रात्री कळलं. सोमवारी काय सांगायचं या काळजीनं मी माळ्यावरची जाडी इंग्रजी डिक्शनरी काढली, शब्दांची कुळी सांगणारी. वर्गात वीरकरांच्या डिक्शनरीवर भागायचं. ही जाडी एका निरोप समारंभात मिळाली होती आणि तेव्हापासून तिचा उपयोग कैरीच्या लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून होत होता. चष्मा लावून बसले ती साडेअकरापर्यंत.

आणि काय सांगू, ज्या शब्दांना मी परदेशी पाहुणे समजून बत्तीस वर्षं नुसती खुर्ची देत होते, ते सगळे आपल्याच नात्यातले निघाले. रक्ताचे नव्हेत, स्वभावाचे. जर्नी हा शब्द फ्रेंचमधल्या दिवसावरून आला. एका दिवसात तोडायचं अंतर म्हणजे जर्नी. म्हणजेच आपली मजल! अरबी मंझिलवरून आलेली आपली मजल दरमजल करत किल्ल्या-किल्ल्यांवरून गेली आणि तिथं ती जर्नी घोड्यावरून. टूरच्या मुळाशी लेथ मशिन आहे, कातारी लाकूड फिरवतो ते यंत्र. फिरून जागेवर येणं म्हणजे टूर. आपला 'दौरा'सुद्धा अरबीतल्या फेऱ्यावरून आला, आणि पर्यटनातला 'परि'ही गोलच फिरतो. कलेक्टरचा दौरा आणि साहेबाची टूर हे अर्थानं सख्खे भाऊ, हे मला साठी उलटल्यावर कळलं. ट्रेक म्हणजे ओढणं. दक्षिण आफ्रिकेतले डच शेतकरी बैलगाड्या ओढत नेत, त्यावरून हा शब्द. माझा कारखान्याच्या वाटेवरचा तो बैलगाडीवाला पिलग्रिमेजला नाही तर खराखुरा, मूळ अर्थानं ट्रेकला जात होता! दर जुलैत पाठीवर सॅक लावून पन्हाळा ते पावनखिंड चिखलातून जाणाऱ्या पोरांचा ट्रेक त्यामानानं अर्थानं उसना. अर्थात १६६० च्या जुलैतल्या त्या रात्री त्या वाटेनं जे गेले त्यांच्यासाठी या डिक्शनरीत शब्दच नाही, तेव्हा ते राहू दे.

सफारी तर आपल्या सफरीची चुलत बहीणच. अरबीतून एक पूर्वेला आली आणि कव्वालीत रमली, दुसरी स्वाहिलीत जाऊन सिंह बघत बसली. पुढं तिचा शर्ट-पँटचा जोड झाला आणि आमच्या हेडमास्तरांनी तो निवृत्तीपर्यंत घातला.

पण माझा जीव अडकला तो व्हॉयेजमध्ये. समुद्र-बिमुद्र काही नाही हो. त्याच्या मुळाशी आहे लॅटिनमधली वाटेची शिदोरी. वाटेसाठी बांधून घेतलेलं खाणं आणि खर्ची, एवढाच अर्थ. मी डिक्शनरी मिटून ठेवली. म्हणजे रंकाळ्यात शेंगा खाऊन आलेला तो मुलगा बरोबर होता. त्यानं शेंगा लिहिल्या होत्या. मूळ शब्दाला जे हवं ते नेमकं त्याच्या वाक्यात होतं आणि मी पाण्याच्या खारटपणावर मार्क कापला.

ट्रॅव्हल शब्दाचं मूळ मात्र वाईट निघालं. तीन खुंटांचं छळ करायचं लॅटिन नावाचं यंत्र, त्यावरून कष्ट, कष्टावरून प्रवास. हे वाचून मला माझं लग्न आठवलं.

मी मूळची रत्नागिरीची. सासर कोल्हापूर. मध्ये आंबा घाट. लग्नानंतर वऱ्हाडाच्या एसटीत मला खिडकीशी बसवलं होतं, आणि घाट सुरू झाला तसं सासरच्या बाजूनं कुणीतरी विचारलं, "सूनबाईंना गाडी लागत न्हाई न्हवं?" मराठीत गाडी दोनदा लागते. एकदा फलाटाला, एकदा पोटाला. फलाटाला लागली की लोक धावतात आणि पोटाला लागली की बाजूला होतात. मी नवी नवरी, मान खाली. वाटलं, फलाटाचंच विचारतायत, म्हणून "लागली" म्हणाले. वाक्य संपायच्या आत ते दोन्ही अर्थांनी खरं झालं. आमच्याकडं रत्नागिरीला बोटही लागायची. आई मुंबईला बोटीनं जायची आणि आठ दिवस आधी आवळासुपारी जमवायची. व्हॉयेज म्हणजे वाटेची शिदोरी हे लॅटिन लोकांनी कुठल्या शांत समुद्रावर ठरवलं असेल, देव जाणे. आमच्या माहेरच्या समुद्रावर शिदोरी टिकत नसे.

सासरी आल्यावर पहिल्याच दिवशी माझ्या कानाला आणखी एक धक्का बसला. शेजारची मुलगी निघताना म्हणाली, "येतो हं काकू." मी आजूबाजूला बघितलं, कोण पुरुष बोलला म्हणून. कोल्हापुरात बायका, मुली सरसकट 'आलो, गेलो, येतो' म्हणतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी मास्तरीण. पुढची बत्तीस वर्षं मी दारात, वर्गात, रिक्षात, हळदीकुंकवात पोरींना दुरुस्त करत राहिले. 'येतो नाही, येते.' पोरी हसून म्हणायच्या, "बरं, येतो बाई."

आता वाटतं, मी चुकीच्या टोकाला धरून बसले होते. लिंग कुठलंही असू दे, शब्द 'येणं' आहे, हे महत्त्वाचं. निघणारा माणूस आपल्याकडं 'जातो' म्हणत नाही. म्हणालाच तर घरातली म्हातारी डोळे वटारते. दारातून बाहेर पाऊल टाकताना क्रियापद घराकडं तोंड करून उभं असतं. आणि एवढ्यावर थांबत नाही. फेरी, फेरफटका, चक्कर, राउंड (हा आता मराठीच धरा, रंकाळ्याला रोज संध्याकाळी हजारदा मारला जातो), वारी, खेप, जाऊन-येऊन. सगळ्यांच्या पोटात परतीचं तिकीट. वारी म्हणजे एकदाची यात्रा नव्हेच; जो परत परत जातो तो वारकरी. आषाढीला पंढरपूर गाठता आलं नाही तर आमची दिंडी नंदवाळला जाते, तेही पंढरपूरच मानून, आणि संध्याकाळी घरी.

त्यातून कोल्हापूर हे रूळ संपायचं गाव. मिरजेहून रेल्वे इथं आली १८९१ साली आणि आली ती थांबलीच. स्टेशनला आता छत्रपती शाहू महाराज टर्मिनस म्हणतात ते उगीच नव्हे. महालक्ष्मी, कोयना, महाराष्ट्र, हरिप्रिया, कुठलीही गाडी घ्या, ती इथं येते, धुऊन निघते आणि आल्या वाटेनं परत जाते. कोल्हापूरवरून जाता येत नाही. कोल्हापूरला यावं लागतं. मी हे काही अभिमानानं सांगत नाही. अभिमानानंच सांगतेय.

आणि खेटा. हा शब्द कुठल्या डिक्शनरीत इंग्रजी करून सांगणार? माघ-फाल्गुनात ओळीनं पाच रविवार लोक पहाटे पंचगंगेवर आंघोळ करून अनवाणी जोतिबाला निघतात. वडणगे, निगवे, कुशिरे, मग डोंगर. जोतिबा डोंगर सोडून केदारनाथाकडं निघाला तेव्हा त्याला थांबवायला अंबाबाई स्वतः पायी गेली, त्याची ही आठवण, असं सांगतात. म्हणजे बघा, जाणाऱ्याला 'जाऊ नको' म्हणायला घातलेला तो खेटा. एका देवीनं. घराबाहेर पडायचं, तेही दुसऱ्यानं घर सोडू नये म्हणून!

याच शब्दाला आपल्या लोकांनी सरकारी कचेरीत नेऊन बसवलं. माझ्या पेन्शनच्या एका कागदावर एक सही राहिली होती. कुठल्या कार्यालयाची ते सांगत नाही, तिथला पंखासुद्धा माझ्या ओळखीचा झाला होता. पहिल्या वेळी "साहेब टूरवर आहेत." दुसऱ्या वेळी "कालच आले होते, आज परत टूरवर." तिसऱ्या वेळी सही करणारे होते, शिक्का टूरवर होता. चौथ्या वेळी मी आधी फोन केला, तर "या की" म्हणाले, आणि गेले तर फोन उचलणाराच टूरवर. पाचव्या खेट्याला सही मिळाली. नेमके पाच. मी घरी येऊन चप्पल काढली आणि मनात म्हटलं, चांगभलं. हेलपाटा आणि खेटा यात हाच फरक. हेलपाटा वाया जातो. खेट्यांचं शेवटी फळ मिळतं, फक्त आकडा आधी कुणी सांगत नाही.

'साहेब टूरवर आहेत' या वाक्यावरून मला नेहमी १९०२ साल आठवतं. शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला विलायतेला गेले होते. राज्याभिषेक २६ जूनचा ठरलेला. राजाला अपेंडिक्स झालं आणि सोहळा ९ ऑगस्टवर गेला. केंब्रिजनं महाराजांना एलएल.डी. दिली ती याच मुक्कामात. आणि याच दिवसांत, २६ जुलैला, इकडं करवीरच्या गॅझेटात हुकूम निघाला: संस्थानच्या रिकाम्या जागांपैकी पन्नास टक्के मागासलेल्या वर्गांसाठी. साहेब टूरवर होते आणि काम झालं. तेही केवढं! पाचव्या खेट्याला मी हे त्या कार्यालयात सांगणार होते, पण सही मिळाली आणि राहून गेलं.

पण कोल्हापूरची विलायतेची पहिली वाट महाराजांची नव्हे. ती त्यांच्या आधीच्या एका राजाची, राजाराम कॉलेजच्या नावात जे आहेत त्या राजाराम छत्रपतींची. वीस वर्षांचा मुलगा. माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा किंचित मोठा. १८७० साली इथं रेल्वे नाही, काही नाही, आणि हा विलायतेला निघाला. इंग्लंड बघितलं, राणीला भेटला, आणि रोज डायरी लिहिली. इंग्रजीत. ज्या भाषेत मी आयुष्यभर मुलांकडून 'माय समर ट्रिप' हा निबंध लिहून घेतला, त्या भाषेत कोल्हापूरच्या माणसानं लिहिलेला तो पहिला मोठा प्रवास असावा असं मला आपलं वाटतं. डायरी छापली गेली १८७२ मध्ये, लंडनला, त्यांच्याबरोबर गेलेल्या कॅप्टन वेस्टच्या हातून. नाव, 'डायरी ऑफ द लेट राजा ऑफ कोल्हापूर ड्युरिंग हिज व्हिजिट टू युरोप इन १८७०'.

मी एकदा हे नाव नववीच्या फळ्यावर लिहिलं होतं. व्हिजिट म्हणजे काय, तर भेट. जाऊन भेटून यायचं. एका मुलीनं हात वर केला. "बाई, राजाला उशीर झाला व्हय?"

मुलांना 'लेट' म्हणजे उशिरा एवढंच ठाऊक. हजेरीपटावरच्या 'लेट मार्क'मधला लेट. मी समजावून सांगितलं, की नावामागं असा लावला म्हणजे कैलासवासी. परतीच्या वाटेवर महाराज आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला इटलीत फ्लॉरेन्स गावात गेले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. बरोबरच्या माणसांनी हट्ट धरला, की दहन आपल्या रीतीनं, संगमावर. त्या परक्या गावानं संगम दाखवला: आर्नो नदीला मुन्योने नावाची लहान नदी मिळते तिथं. चार वर्षांनी तिथं छत्री उभी राहिली, खाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा, चार भाषांतला लेख. गेल्या शतकात जवळच मोठा पूल झाला तर त्याचं नावही त्यांनी 'इंदियानो'चा पूल ठेवलं. हिंदी माणसाचा पूल. माझी भाची गेली होती तिनं फोटो पाठवला. फेटा, मोत्यांच्या माळा, आणि मागं सायकलवरून चाललेली एक इटालियन बाई, तिच्या कॅरियरला भाजीची पिशवी. रोजचं जाऊन-येऊन करत असावी.

आपल्याकडं प्रयाग चिखलीला नद्या एकत्र येऊन पंचगंगा होते आणि नरसोबावाडीला ती कृष्णेला मिळते. संगमाला तोटा नाही. निघताना तो वीस वर्षांचा मुलगा वाड्यात कुणाला तरी 'येतो' म्हणाला असणारच. कोल्हापूरचाच होता.

ती नववीतली मुलगी माझं बोलणं संपेपर्यंत ऐकत होती. मग खाली बसताना शेजारणीला म्हणाली, "म्हंजे उशीरच की."

त्या दिवशी मी तिला दुरुस्त केलं नाही.

तर सोमवारी सकाळी गाडी आली. मी तयारीत होते. चहा दिला, खुर्ची दिली आणि लेथ मशिनपासून सुरुवात केली. त्याचा भाऊ शिरोलीला एमआयडीसीत टर्नर आहे, त्यामुळं लेथ त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी म्हटलं, टूर म्हणजे फिरवून परत जागेवर आणणं. ट्रॅव्हल म्हणजे नुसतं जाणं, आणि मुळात तर छळच. तीन खुंट, मध्ये माणूस.

तो विचारात पडला. "सीट कितीचं म्हनायचं त्ये?"

"एकाचंच."

"मग परवडत न्हाई." चहाचा घोट घेऊन म्हणाला, "टूर्सच ठेवतो. गिऱ्हाईक परत आनून सोडल्याबिगर पैसे कोन देनार?"

शब्दांची कुळी शोधत रात्री साडेअकरापर्यंत जागले त्याचं मला सार्थक वाटलं. एका माणसानं तरी अर्थ समजून शब्द निवडला होता. गुरुवारी गाडी परत आली तेव्हा मागच्या काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत केशरी रेडियममध्ये झळकत होतं: मुलीचं नाव, एक कमळ, आणि 'टूर्स अँड ट्रॅव्हल्स'.

"अरे?"

"त्ये तयारच असतंय बाई. तिन्ही शब्द एकत्र कापून ठेवल्यात त्यानं, गठ्ठ्यानं. नुसतं टूर्स पायजे तर म्हनला वेगळं कापाय लागतंय, ज्यादा पडंल."

त्यापुढं डिक्शनरीचं काही चालत नाही. मी ती परत बरणीवर ठेवायला वळले, तर मागून म्हणाला, "वाडीची ट्रिप हाय. पुनव हाय न्हवं आज. एक सीट शिल्लक हाय, चला की. पैसे नगं."

दत्ताचं बोलावणं टाळू नये. डब्यात चार धपाटी घातली, दह्याची लहान बरणी घेतली, आवळासुपारी पर्समध्ये असतेच. सूनबाई आत होती. चप्पल घालता घालता मी आत ओरडून सांगितलं, "वाडीला जाऊन येतो गं!" आणि पायरीवरच थबकले. बत्तीस वर्षं. आत सून खुदकन हसल्याचं ऐकू आलं.

गाडीत बसले. पुढच्या सीटवर, खिडकीशी. सव्वाआठ झाले होते. एक सीट शिल्लक म्हणाला होता त्यात मी बसले, म्हणजे आता निघायला हवं. गाडी गल्लीतून निघाली, स्टँडच्या कोपऱ्यावर आली आणि थांबली. काचेवर लिहिलं असलं काहीही, पंधरा वर्षांचं वडाप हातात मुरलेलं. तो खाली उतरला, दार उघडं ठेवलं.

"तू तर म्हणालास एकच सीट होतं?"

"तुमी बारीक हाय बाई. सरका जरा तिकडं."

एक आजी आल्या, त्यांची पिशवी माझ्या मांडीवर आली. मग एक नवरा-बायको. मग एक पोरगं, कुणाचं ते अजून ठरायचं होतं. साडेआठ झाले. धपाट्यांचा वास गाडीभर झाला. आजींनी विचारलं, "काय केलंय?" मी डबा उघडला. स्टँडवर वडापची ओळ उभी होती आणि प्रत्येकाच्या दारात एक एक माणूस घशाच्या शिरा ताणून ओरडत होता. आमचाही बंपरवर एक पाय ठेवून उभा होता, हात वर.

"वाडी, वाडी, वाडी! एक सीट, एकच सीट! बसा की मामा, लगीच निघायचंय!"